बसलेली खिंड

गळ्याशपथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर जीभ झडो!

सुनेने फूटपट्टी खिंडीत उभी धरली, वाकून पाहिलं, पुन्हा धरली.

"बाबा, खिंड बसलीय."

सासऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ब्रश धूत राहिला. म्हातारा संग्रहालयांसाठी डोंगर करायचा. पुठ्ठ्याचे थर, वर प्लास्टर, त्यावर रंग. इतके डोंगर केले होते की शिंकला तरी नाकातून टेकडी पडायची. ही अख्खी रांग मात्र त्याची शेवटची. सून नकाशांच्या कचेरीत. चुका धरण्यात एवढी पक्की की माघारी तिला सगळे 'फूटपट्टी'च म्हणत. तिची सही झाली की मॉडेल काचेखाली जाणार होतं, कायमचं.

"पुठ्ठा दबला असेल."

"एकाच जागी?"

"अगं, उंची तशीही खोटीच. दुप्पट धरली नाही तर डोंगर कसले, चादरीच्या सुरकुत्या दिसतील."

"मग सगळ्यांना दुप्पट. हिचेच एवढे लाड का?"

म्हातारा खुदकन हसला आणि पुन्हा ब्रशकडे वळला.

त्या खिंडीतून पूर्वी मिठाचे तांडे जायचे. मेंढपाळ सांगत, ही रांग समुद्राला भेटायला निघाली होती, वाटेत दमून बसली ती उठलीच नाही. एकाच शिखराला अलीकडे एक नाव, पलीकडे दुसरं. खिंड चढणाऱ्याने आपल्या खोऱ्यातला दगड माथ्यावर ठेवायचा, म्हणजे तो पोचला असं धरायचं. ह्या गोष्टी गोळा करत म्हाताऱ्याचा एकुलता एक फिरायचा. म्हणजे हिचा नवरा. भर पावसात दरड आली. माथा हाकेवर राहिला होता, तिथे सापडला. दगड खिशातच.

सुनेने पट्टी तिसऱ्यांदा उभी केली. ह्या वेळी आकडा वाचला नाही. उताराकडे बघत राहिली. तो सापडला ती जागा तिला झोपेतही दाखवता आली असती. म्हाताऱ्याने खिंडीचा माथा नेमका तिथवर खाली आणला होता, एक रेघ कमी नाही की जास्त नाही.

बाहेर हमाल खोळंबले होते. एकाने दार वाजवलं.

"तासून घेऊ का परत?" म्हाताऱ्याने विचारलं. "म्हणजे, भरून. तू म्हणशील तसं."



"कुणी मोजली तर?"

"तुझ्याशिवाय कोण मेलंय मोजायला!"

तिने पट्टी पर्समध्ये टाकली, कागद पुढे ओढला आणि सही केली. हात जराही हलला नाही. मग दार उघडून हमालांना म्हणाली, "सांभाळून न्या. मधे धरू नका."

आता शपथ घेतलीय म्हणून सांगते, एवढं एकच पदरचं घातलंय. हात हलला होता. पहिला कागद फाटला, दुसरा घ्यावा लागला.