आडवं होण्यापुरतं

माझे मोठे दीर देवमाणूस आहेत असं सगळे म्हणतात. मला ते डोळ्यांसमोर नकोसे झाले होते.

माझा नवरा शिंपी. कॅन्सरची गाठ जबड्याखाली एवढी वाढली होती, की उशीला मान टेकली की कळ थेट कानात जायची. रेडिएशनचे शेक झाले, सलाइनमधून औषधं झाली, गुण नाही. हे कापड बेतायच्या टेबलावर कपाळ टेकून बसल्या बसल्याच डुलक्या काढायचे. आणि सगळे यांना "बरा होतोयस" म्हणून चुचकारायचे.

डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, "गाठीत बारीक सुई घालून तिचं टोक तापवू. गाठ आतून थोडी जळेल, नसेवरचा दाब कमी होईल, झोपता येईल. आजार बरा होणार नाही. आणि हे पेशंटला स्पष्ट सांगूनच मी करणार."

तिथंच घोडं अडलं. "त्याला कळलं तर तो हाय खाईल," दीर म्हणाले. "बरंच व्हायचं नसेल तर चटके कशाला?"

चटके म्हणे! स्वतः रात्रभर गादीवर घोरतात ते. सासूबाईंनी, नणंदेनं त्यांचीच री ओढली. मी भांडले, तर "तुला त्याला घालवायची घाई झालीय" हेही ऐकून घेतलं.

मागच्या आठवड्यात हे झोपेत टेबलावरून घसरून पडले. माझं डोकंच फिरलं. दीर समोर बसलेले असतानाच मी यांना सगळं सांगून टाकलं. बरं होणार नाही, हेसुद्धा.

यांनी हायबिय काही खाल्ली नाही. घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "बाई कधी म्हणाल्या हे?"

"दोन महिने झाले."

"दादा, तू जा."

दीर डोळे पुसत चपला घालू लागले. मग यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू रोज शेजारी बसून माझी पाठ चोळत होतीस."

राग तर मावत नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा तेच कळेना.

सुईचं काम काल झालं. आज दुपारी वॉर्डात हे उशीवर मान टेकून झोपले. झोपण्यापूर्वी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दीरांचा फोन आला. "कसा आहे?"

"झोपलेत," मी म्हणाले. "आडवे. दोन महिन्यांपूर्वीच झोपले असते."