सेकंदांशेजारची रिकामी जागा

तिने औषध सोडणाऱ्या पंपाच्या नळीखाली पेला सरकवला आणि बटण दाबलं. आत औषधाऐवजी साधं पाणी होतं. ते थेंब थेंब पडायला हवं होतं, पण एकदम धो धो सुटलं. तिने घाईने वायर उपटली, पण टेबल व्हायचं तेवढं ओलं झालंच.

सकाळीच बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांचा फोन येऊन गेला होता.

"हे पंप मोडीत काढणार म्हणे? मग नवे येईपर्यंत मी एकेका बाळाजवळ घड्याळ धरून उभी राहू का?"

पंपांचा दोष नव्हता. त्यांच्या यंत्रणेत वेळ सेकंदांत मोजायची आणि ते सेकंद ठेवायला जुन्या काळी जागा आखूड दिलेली. काही वर्षांनी ती भरून घड्याळ भलतंच मागे गेलं असतं. म्हणून तिने यंत्रणेच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, सेकंदांना दुप्पट जागा दिली. पण बाकावर एकाला ऐसपैस बसवलं की बाकीच्यांना सरकावं लागतं. तसे पुढचे सगळे आकडे सरकले. पंप चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रामला याचा पत्ता नाही. तो आपला जुन्याच ठिकाणी हात घालायचा आणि हाताला भलताच आकडा लागायचा. त्याला बदलायचं म्हटलं, तर तो लिहिणारी कंपनी केव्हाच बुडालेली.

डोक्याला हात लावून ती पुन्हा आकड्यांची जुनी रचना वाचू लागली. सेकंद, मग एक रिकामी जागा, मग सेकंदांचा अंश. ही रिकामी जागा काढू या म्हणून तिने पूर्वी, तिच्या आधी हे काम बघणाऱ्या सरांचं डोकं खाल्लं होतं. "कोण पाहुणे यायचेत, सर?" असंही चिडवलं होतं. निवृत्त होईपर्यंत त्यांचं एकच उत्तर: "असू दे गं."

आणि तिच्या लक्षात आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सेकंदांना तिथेच पसरू दिलं, तर कुणालाच सरकावं लागणार नव्हतं. जुना प्रोग्राम त्या वाढलेल्या जागेच्या पहिल्या अर्ध्यातच बघणार, आणि आज त्याला हवे ते सेकंद तिथेच असणार. तो अर्धा भरायच्या आत नवे पंप येणारच होते.

तिने बदल केला, पेला पुन्हा ठेवला. एक थेंब. थांबून दुसरा. तिचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत तिने सरांना फोन लावला.

"सर, तुमची रिकामी जागा कामी आली. फार उपकार झाले तुमचे."

"माझे कसले? ती माझ्या आधीच्या बाईंनी ठेवलेली. मीही काढायला निघालो होतो तुझ्यासारखाच."

"मग?"

"त्या म्हणाल्या, असू दे. कशासाठी, विचारलं तर म्हणाल्या, ते मला कुठे ठाऊक? पुढच्या माणसाला कळेल."

"त्यांचा नंबर द्या ना. मला त्यांच्याशी बोलायचंय."



"त्या जाऊन बरीच वर्षं झाली गं."

फोन ठेवल्यावर ती थेंबांकडे बघत राहिली. मग सिस्टरांना कळवलं, की नवे येईपर्यंत पंप कुठेही जात नाहीत. पलीकडून त्या वॉर्डातल्या कुणाला तरी ओरडून सांगत होत्या, ते ऐकून तिला हसू आलं.

नव्या पंपांसाठी तिने स्वतः आखलेली रचना बाजूच्या पडद्यावर उघडी होती. आटोपशीर, कुठे तसूभर जागा वाया नाही. सकाळपर्यंत तिला तिचा अभिमान होता. तिने सेकंदांच्या पुढे एक रिकामी जागा घातली.

बदलाचं कारण लिहायच्या ओळीवर ती थोडी अडली. मग तिने लिहिलं, 'असू दे.'