एका लाळेचे दोन पूर्वज

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर वंशगुरू पांढऱ्या कोटात उभे होते. लाळेची नळी उजेडात धरायची, डोळे मिटायचे, की समोरचा कुणी सरदाराचा वंशज, तर कुणी राजवैद्याचा. डीएनएत सगळं लिहिलेलं असतं म्हणे. मात्र एवढ्या गर्दीत एकाचाही पूर्वज साधा हमाल निघत नव्हता.

टेलर मास्तर गेल्या आठवड्यात इथूनच सेनापतीचे वंशज होऊन घरी गेले होते. तेव्हापासून स्वारी जमिनीवर नव्हती. पाणी मागायचं तरी फर्मान सोडायचे. लेकीची हसून हसून पुरेवाट झाली. पण सेनापतीची मुलगी गॅरेजवाल्याला द्यायची नाही, असं म्हणून त्यांनी तिचं ठरलेलं लग्न मोडायला काढलं, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. नळीसोबतचा फॉर्म तिला खटकला. पूर्वजांबद्दल घरात काय ऐकलंत, असा त्यात प्रश्न होता. बाबांनी लिहिलं होतं, आमचे लोक लढाईत होते. मग 'आणखी खात्री करू' असं सांगून तिनं बाबांकडून दुसरी नळी भरून घेतली. मावशीला कटात घेऊन ती तिच्या नावानं दिली आणि फॉर्मवर ठोकून दिलं, पूर्वज जहाजं चालवायचे.

आज मावशी मंचावर गेली. गुरूंनी डोळे मिटले. "अहाहा, रक्तात खारा वारा आहे. थोर दर्यावर्दी घराणं!"

लेक पुढे झाली. "ही लाळ माझ्या बाबांची आहे. हिच्यातूनच तुम्ही सेनापती काढला होता."

लाळ मनःस्थितीप्रमाणे बदलते, असं गुरू पुटपुटले. तोवर मावशीनं मंचावरच्या टेबलाखालचा खोका ओढला. आत आठवडाभराच्या नळ्या होत्या, एकीचंही सील फुटलेलं नव्हतं. लोक पोट धरून हसले.

लेकीनं सगळ्यांना समजावलं. डीएनए इतरांच्या डीएनएशी ताडून पाहिला, तर नातं कळतं, पूर्वज साधारण कुठले याचा अंदाज येतो. त्यांचे हुद्दे त्यात नसतात. गुरूंनी वाचला तो फक्त फॉर्म. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारावं, हे तुला कसं कळलं? एवढं विचारायला कुठलं घराणं लागत नाही.

गर्दीत बसलेल्या मास्तरांचा चेहरा पडला होता. ते दाराशी उभ्या गॅरेजवाल्याकडे गेले, खिशातून टेप काढली आणि त्याच्या खांद्याला लावली.

"माझं चुकलं, जावईबापू," ते म्हणाले. "सरळ उभे राहा. लग्नाचा कोट मीच शिवणार."