दुमडलेली चिकटपट्टी

"मोटर गेलीय म्हणे. तुम्हीच सांगितलं होतंत ना यांना?" तोमोएनं कापडात बांधलेला जुना सीडी प्लेअर सोडवून इसोगाईच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला. "अकरा वर्षं झाली. पार्ट मिळत नाही म्हणालात."

इसोगाईनं असं काही सांगितलंच नव्हतं. हा प्लेअर तो आज पहिल्यांदा पाहत होता. पण तिचा नवरा केंजिरो जाऊन एकोणपन्नास दिवसही झाले नव्हते. इसोगाईनं नुसतं "हं" केलं आणि स्क्रू काढायला घेतले.

"आत आमच्या चिनात्सुची सीडी आहे. शाळेत जेवणाच्या सुट्टीत आज जेवायला काय, ते ती स्पीकरवर वाचायची. बाईंनी उतरवून दिलं होतं. तिचा आवाज तेवढाच उरलाय. ट्रे ओढू नकोस, सीडी तडकेल, म्हणायचे हे. परवा एकोणपन्नासावा, यांच्या आत्म्याला निरोप द्यायचा दिवस. यांच्या फोटोसमोर लावीन म्हणते."

पोर चौदाव्या वर्षी गेली, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं.

रबरी पट्टा सैल होता, तो त्यानं बदलला. ट्रे ढिम्म. मग दोन सेल क्षणभर थेट मोटरला लावले. मोटर गुरगुरली. म्हणजे ती ठणठणीत होती! त्यानं आत टॉर्च मारला. मोटरची वायर कापलेली होती. सीडी उचलून जागेवर बसवणारं चाकही हातानं मागं फिरवलेलं, म्हणजे ट्रे आत असूनही सीडी फिरायला नको. कापलेल्या दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी, तीही शेवट दुमडून, पुढंमागं नखानं सुटावी अशी. बोटींच्या वायरी अशा बांधणारा बंदरात एकच माणूस होता, केंजिरो.

अकरा वर्षांपूर्वी केंजिरो या दुकानात येऊन बसला होता. "तोमोए जेवत नाही रे. दिवसभर पोरीचा आवाजच ऐकते." इसोगाईनं 'काळच औषध' असलं काहीतरी पुटपुटून त्याला वाटेला लावलं होतं. आज त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं वायर डाख देऊन जोडली. ट्रे बाहेर आला, आत गेला. तोमोए पुढं झुकली. सीडी फिरली, चाचपडली, थांबली. तीनदा तेच. त्यानं ती काढून खिडकीशी धरली. शाळेत उतरवलेली साधी सीडी, तिचा आवाज धरून ठेवणारा थर इतक्या वर्षांत पार उडाला होता. तिच्यातून समोरची बोट दिसत होती.

"गेली," तो म्हणाला.

"तेव्हाच काढली असती तर?"

"वाजली असती."

"मग तेव्हा का नाही शोधलात पार्ट? आज कुठनं आला?"

चिकटपट्टीचे दोन तुकडे टेबलावरच पडले होते. इसोगाईनं ते मुठीत घेतले. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

"कंटाळा केला, तोमोए-सान. शोधलाच नाही."

तिनं प्लेअर पुन्हा कापडात बांधला. "माणूस आहात का कोण? आणि हे जाईपर्यंत तुमचीच बाजू घेत राहिले. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाले, इसोगाईला बोल लावू नकोस, त्याचा काही दोष नाही."

इसोगाई माफी मागत कमरेत वाकला. दार आपटल्याचा आवाज आला तरी तो वर उठला नाही.