मंगलाबाईंची रजा निलंग्यात अडकली

मंगलाबाई, तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसत नाही. पण आज सकाळी मी लातूरच्या हेड ऑफिसातून केबलमध्ये शिरलो आणि पायी तुमच्या उदगीर शाखेकडे निघालो.

दुसरा इलाजच नव्हता. तुमची लेक सोलापूरला बाळंत व्हायची, तुम्ही पिशवी भरून कंप्युटरसमोर बसलेल्या, संध्याकाळची एसटी शेवटची. इकडे साहेबांनी रजा मंजूर केलेली, पण ते उत्तर उदगीरला पोचेना. फोन करतो म्हटलं, तर साहेब म्हणाले, "आपल्या ट्रान्सपोर्ट कंपनीत तोंडी काही चालत नाही. स्क्रीनवर दिसलं पाहिजे." मी नेटवर्क बघणारा माणूस. चपला बाहेर काढल्या, मंजुरी खिशात घातली आणि भिंतीतल्या भोकात उतरलो.

आत वाट बरी आहे. जरा वाकून चालावं लागतं, एवढंच. नियम एकच: वाटेतल्या शाखेचा उंबरा ओलांडला की माणसाची उंची घटते, आणि घटत घटत शेवटी तो नाहीसाच होतो. चुकलेले निरोप जन्मभर भटकत राहू नयेत म्हणून ही सोय. ती मीच बसवलेली.

औशाच्या शाखेत काशिनाथअप्पा हलगे दारातच उभे. "या, या! चहा घेतल्याबिगर जायचं नाही."

चहा घेतला. उदगीरची वाट विचारली.

"ती निलंग्याच्या शकीलभाईंना ठाऊक. चला, पोचवतो. पाहुण्याला एकटं कसं सोडायचं?"

निलंग्यात शकीलभाईंनी चहा पाजला. "उदगीर? ते अप्पांनाच विचारा. चला, मी सोडतो की."

औशात पुन्हा चहा. मग अप्पा मला पोचवायला, मग शकीलभाई मला सोडायला. असे उंबरे ओलांडता ओलांडता मी कपाएवढा झालो. अप्पा मला बशीत उभं करून न्यायला लागले. "हिंदकळत नाही ना?" असंही विचारायचे. निलंग्याच्या टेबलावर गेल्या आठवड्यातलं एक ट्रकचं बुकिंग बसलं होतं. मोहरीएवढं झालेलं, मुकाट चहा पीत होतं.

फेऱ्या मारता मारता मीही तिळाएवढा उरलो. आता आणखी एक उंबरा, की मी संपलो आणि तुमची रजाही. उपाय एकच होता. पाहुण्याने कधी बोलू नये ते बोललो.

"शकीलभाई, चहा भिकार आहे. अप्पांचाही."

अप्पांनी मला बशीसकट टेबलावर ठेवलं.

"अप्पा," शकीलभाई म्हणाले, "याला सोडायला जायचं नाही."

"कोण जातंय!"

दोघांनी मिळून मला मागच्या दारातून हाकललं. पाहुण्याला हाकलायचं ते दार इतक्या वर्षांत कुणी उघडलंच नव्हतं. बाहेर पडलो तो थेट तुमच्या स्क्रीनवर.

तर हा मी. डावीकडच्या कोपऱ्यात, तिळाएवढा. ऐकू येतंय ना? रजा मंजूर! साहेब हसत हसत म्हणाले, "खुशाल जा म्हणावं, आठवडा जास्त राहा. आणि लेकीला डिंकाचे लाडू माझ्याकडून."

मंगलाबाई पुढे वाकल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"साहेब? हसले?"

"अगदी दात दिसले."

"खोटं! साफ खोटं!" त्या शेजारच्या टेबलाकडे वळून ओरडल्या. "अहो वाघमारे, इकडे या, कंप्युटरमध्ये व्हायरस शिरलाय!"

"लाडवांचं मी वाढवून सांगितलं," मी ओरडलो, "पण रजेचं खरं आहे!"

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मंगलाबाईंनी पदराचं टोक जिभेने ओलं केलं, आणि ते टोक स्क्रीनएवढं होत होत माझ्याकडे आलं.