अकरा नावांच्या बुड्या

बबितानं तांब्यातलं पाणी पायांवर ओतलं तसा वनमालानं पाय मागं ओढला, आणि पाणी सगळं पाटावर सांडलं.

“अगं, मी काय काशीला गेलते का?”

“नसशील गेली,” ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या. “समुद्र तर बघून आलीस? गप बस, पाय दे तिच्या हाती.”

सुंदरबाईंचा हिशोब सरळ होता. गंगा, गोदावरी, झालंच तर आपली मांजरा, सगळ्या शेवटी समुद्रालाच मिळतात. तेव्हा समुद्रात उतरून आलेल्या माणसाचे पाय धुवायचे, भावकीला पुरणाचं जेवू घालायचं, यात्रेहून आल्यावर जसं मावंदं करतात तसं सगळं करायचं. ही यात्रा एका बियाण्याच्या कंपनीनं घडवलेली होती आणि अंदमानला नेलेल्या बावीस दुकानदारांपैकी एकानंही कुठल्या देवळाची पायरी चढली नव्हती, या गोष्टी त्यांच्या लेखी किरकोळ होत्या. वनमालाच्या नवऱ्यानं, गहिनीनाथरावांनी, वडगावच्या दुकानातून ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त कपाशीचं बी विकलं, म्हणून कंपनीनं दोघांना विमानात बसवलं. आधीच्या सहली नुसत्या पुरुषांच्या असत. त्या सहलींहून आल्यावर दुकानदारांनी घरी काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, यावरूनच यंदा बायकांनाही न्यायचं ठरलं असावं, असा वनमालाचा अंदाज होता.

पाय धुऊन झाले. बबितानं पदरानं पुसले आणि हळूच विचारलं, “माझ्या नावाची मारली का खरंच?”

“मारली. तुझ्या वाटचं खारं पाणी नाकात गेलं माझ्या. ते कोन भरून देनार?”

बायका हसल्या. गल्लीत होत्या तेवढ्या, एक सोडून, सगळ्या आल्या होत्या. दिवाळी झाली की अर्ध्या घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला जातात. मागं राहिलेल्यांनी निघताना वनमालाला आपापलं नाव दिलं होतं. आमचं काही जाणं होत नाही, आमच्या नावानं एकेक बुडी मार. अशी अकरा नावं. ती तिनं कागदावर लिहून नेली होती.

बारावं कागदावर नव्हतं. ते जिनं दिलं ती साखराबाई आज आली नव्हती, आणि वनमाला सकाळपासून दाराकडं बघत होती.

साखराबाईचा लेक शहादेव बारा वर्षांपूर्वी कर्नाटकात ऊसतोडीला गेला होता. एका सकाळी पाणी आणायला म्हणून पाचटाच्या कोपीतून बाहेर पडला. घागर ओढ्याकाठी सापडली, शहादेव सापडला नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले. बारा वर्षं भरली तशी भावकीनं साखराबाईला समजावायला सुरुवात केली, त्यात सुंदरबाई सगळ्यात पुढं. बारा वर्षांनी माणूस गेला असं धरतात, त्याचं करून टाक, त्याला मोकळा कर. निघायच्या आदल्या दिवशी साखराबाई आली आणि काळ्या तिळाची पुडी वनमालाच्या हातात दिली.

“शहादेवच्या नावानं पान्यात सोड. काठाला नको. खोल पान्यात सोड.”

एवढंच बोलून ती गेली. चहाही घेतला नाही.

आणि वनमाला विसरली होती.

कशी विसरली, हे तिनं स्वतःला तेव्हापासून पन्नासदा विचारलं होतं. समुद्रात उतरायला ज्या बेटावर नेलं, त्या बेटाला सरकारी संरक्षण होतं. बोटीत चढण्याआधी खाकीतला माणूस पिशव्या तपासत होता. तिथं कशाला हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही, काही टाकायचं नाही, आणि प्लास्टिक तर अजिबात नाही. गहिनीनाथरावांचा धपाट्यांचा डबा स्टीलचा म्हणून सुटला, ठेच्याची पिशवी तिथंच राहिली. तिळाची पुडीही प्लास्टिकचीच. वनमालानं बाजूला होऊन तीळ रुमालात बांधले आणि रुमाल चोरासारखा पोलक्यात खोचला.

बेटावर काठाशी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिनं आधी अकरा जणींची कामं उरकली. नाव घ्यायचं, नाक धरायचं, डोकं आत घालायचं. पाण्यात नेणारा पन्नाशीचा गडी होता, डोक्यावर विरळ पांढरे केस, तोंडात पान. तो घाबरून धावत आला.

“क्या हुआ मैडम? तबियत ठीक है?”

“ठीक है. और चार बाकी हैं,” वनमाला म्हणाली.

मग त्यानं सगळ्या बायकांना काचेचे मुखवटे दिले आणि काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून थुंकायला सांगितलं. घाटनांदूरच्या दुकानदाराची बायको म्हणाली, “आगं बाई, तीर्थात कसं थुकावं?” ती काठावरच बसली. चौसाळ्याची एक जण मुखवटा घालून फोटो काढून परत आली. वनमालाला मात्र जावंच लागणार होतं. खोल पाणी तिकडं होतं.

गड्यानं तिला हवा भरलेल्या रबरी कड्याला धरायला लावून ओढत नेलं. नाक बंद, तोंडात नळी, छातीवर फुगलेलं जाकीट, आणि जाकिटाच्या आत रुमाल. आता इथं सोडावे, असं तिनं ठरवलंही. तेवढ्यात गड्यानं बोटानं खूण केली, खाली बघा. तिनं तोंड पाण्यात घातलं.

पहिल्यांदा आवाज आला. ज्वारीच्या लाह्या भाजताना येतो तसा, तडतड तडतड, सगळीकडून. मग दिसायला लागलं. फुलकोबीचे गड्डे असावेत तसे दगड, पण ते दगड नव्हते, जिवंत होते. त्यांच्यावरून करडईच्या फुलांच्या रंगाचे मासे वळत होते, सगळे एकदम, जसं कुणी हळूच ‘चला’ म्हणावं. निळा-हिरवा एक मोठा मासा चोचीसारख्या तोंडानं दगड खात होता, आणि त्याचं करकर चावणं तिला ऐकू येत होतं. वनमालाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. एकोणपन्नास वर्षं ती श्वास घेत होती, पण तो असा निवांत कधी ऐकला नव्हता. तिथं स्वयंपाक नव्हता, दुकान नव्हतं, सासूबाई नव्हत्या. खरं सांगायचं तर नवराही नव्हता; तो बोटीला धरून ओकत होता.

शिट्टी वाजली तेव्हा तिला कळलं, अर्धा तास झाला.

हॉटेलात अंघोळीला गेली तेव्हा रुमाल खाली पडला. तीळ भिजून फुगले होते. ती तशीच मोरीत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून हॉटेलमागच्या किनाऱ्यावर गेली, तर ओहोटीमुळं समुद्रच जागेवर नव्हता. लांबवर नुसता चिखल आणि खेकडे. सहाला विमानतळाची गाडी होती.

“सोडले म्हनून सांग की,” गहिनीनाथराव विमानात म्हणाले होते. “म्हातारीला काय कळतंय? तिच्या मनाचं समाधान होतंय तर होऊ दी.”

त्यावर वनमालानं प्रवासभर विचार केला. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. खोटं बोलायचं तर एका शब्दाचं काम होतं. खरं बोलायचं तर कसं बोलावं? काकू, तुमच्या लेकाला मी विसरले. कशामुळं? मासे बघत होते.

पंगत उठली, भांडी पडली. वनमालानं एका ताटात दोन पुरणपोळ्या, आमटी, भात वाढला, वाटीत तूप घेतलं, रुमाल मुठीत धरला आणि निघाली.

“कुठं निघालीस?” सासूबाईंनी विचारलं.

“साखराकाकूला ताट देऊन येते.”

“ती कावून आली न्हाई? जाऊन इचार बरं. तिचंच तर मोठं काम झालं.”

गल्लीतल्या कुलपं लागलेल्या दारांवरून जाताना वनमाला पुटपुटत होती. सोडले, काकू. खोल पान्यात सोडले. सोडले, काकू. पाचव्या-सहाव्या वेळेला ते अगदी खऱ्यासारखं वाटायला लागलं.

साखराबाई अंगणात ज्वारी निवडत बसली होती. वनमालाला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही. उलट जास्तच जोरात पाखडायला लागली.

“जेवाया आला न्हाईत, काकू.”

“भूक न्हाई. ठेव तिथं.”

वनमालानं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि खाली बसली. दोन कोंबड्या सुपाभोवती फिरत होत्या. साखराबाईचे डोळे खोल गेलेले होते, केसाला तेल नव्हतं. आठ दिवसांत बाई अर्धी झालेली. आणि ते माझी वाट बघून, असं वनमालाच्या मनात आलं. बिचारी ऐकायला किती आतुर असेल.

“काकू...”

सूप थांबलं. साखराबाईनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी कानांवर ओढला आणि दवाखान्यात सुई टोचायच्या वेळी बघतात तसं भिंतीकडं तोंड फिरवलं.

“सोडले का?” तिनं भिंतीला विचारलं.

कानांवर पदर दाबून धरलेल्या त्या हातांसमोर ते सहा वेळा घोकलेलं वाक्य वनमालाला काही केल्या म्हणता येईना.

“न्हाई, काकू. इसरले मी.”

साखराबाईचं तोंड भिंतीकडंच होतं.

“खोल पान्यात गेलते मी. तिथं सोडनारच होते. खाली मासे दिसले, आन् बघतच राहिले. आठवनच राहिली न्हाई. दुसऱ्या दिवशी गेलते, पर...” तिनं मूठ उघडली. “हे बगा, तसेच हायेत. काय म्हनायचं ते म्हना मला.”

साखराबाईनं मान वळवली. रुमालाकडं बघितलं, मग वनमालाच्या तोंडाकडं.

“खरंच इसरलीस? का मला बरं वाटावं म्हनून म्हनतीस?”

“आं?”

“माझी शपथ घे.”

“तुमची शपथ, काकू. एक दाना सोडला न्हाई.”

साखराबाईचे हात कानांवरून सुटले आणि मांडीवर पडले. एवढा मोठा श्वास तिनं सोडला की सुपातलं भुसकट उडालं.

“ज्या दिवशी तू गेलीस ना, त्या राच्यापासून माझा डोळा न्हाई लागला,” ती म्हणाली. “तुझ्या सासूनं गळी उतरवलं, बारा वर्षं झाली, मोकळं कर. मी म्हनलं करावं. आन् तू इमानात बसल्यावर मला वाटलं, हे काय केलं मी? तिथं तू तीळ सोडनार, आन् हितं माझा लेक जानार. माझ्याच हातानं. दोनदा तुमच्या दुकानावर आलते, फोन लावा, तिला म्हनावं सोडू नको. तर दुकानाला कुलूप. तुझ्या सासूला कोन्या तोंडानं सांगू?” तिनं नाक ओढलं. “आज तू आल्याचं कळलं. म्हनलं, गेलंच न्हाई तर ऐकावं लागनार न्हाई.”

वनमालानं साखराबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“अकरा बायांच्या बुड्या मारल्यास,” साखराबाई म्हणाली. तिचा आवाज चढत होता, पण तो रागाचा नव्हता. “त्या बबितीची सुदिक मारलीस. आन् माझं एवढं एक काम इसरलीस?”

“चुकलं, काकू.”

“लई गुनाची हाईस गं माय.”

आणि ती हसली. तिचं हसू वनमालानं किती वर्षांत बघितलं नव्हतं. खालचा एकच दात उरलाय हे तिला आज कळलं. साखराबाईनं रुमाल घेतला, गाठ तिची तिनंच सैल केली आणि तीळ अंगणात भिरकावले. कोंबड्या धावल्या. एकीनं दाणा टिपला, मान वाकडी करून जरा विचार केला आणि पुन्हा टिपायला लागली.

“खारट लागत असतीन तिला,” वनमाला म्हणाली.

“खाऊ दी. आन् तुझ्या सासूनं इचारलं तर?”

“आत्याबाईला काय सांगायचं ते मी बगते.”

साखराबाईनं ताट ओढून घेतलं. पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि आठ दिवसांची भूक असल्यासारखा तोंडात कोंबला. मग दुसरी पोळी अर्धी करून तिनं वनमालापुढं केली.

“खा. आन् मला एक सांग. असं काय होतं गं तिथं, इतकं इसरायला?”

वनमालानं पोळी हातात धरली. घरी कुणी हे विचारलं नव्हतं. घरी सगळ्यांनी बुड्या विचारल्या होत्या, विमान विचारलं होतं, जेवायला काय होतं ते विचारलं होतं.

“एक बारका मासा होता, काकू. शेंदरी, अंगावर पांढरे पट्टे. खाली एक झाडासारखं असतंय, मऊ मऊ, गवत वाऱ्यावर हलावं तसं हलत राहतंय. हा त्याच्यात घुसायचा. की झाला दिसेनासा. वाटायचं गेला, आता काय दिसत न्हाई.”

“मग?”

“मग थांबायचं. नुसतं तोंड पान्यात घालून थांबायचं. की येतंय त्याचं तोंड बाहेर.”

साखराबाईनं बोटाला लागलेलं तूप चाटलं.

“थांबायची मला सवय हाय,” ती म्हणाली. “तू सांग फुडं.”