पाच जागा आणि बाबांचा डावा डोळा

माझं नाव सांगितलं तर तुम्ही ओळखणार नाही, पण माझं वजन तुमच्या नाकाने नक्की सोसलंय. चष्म्याचा नंबर काढताना ती जड, गोल फ्रेम चढवतात आणि तिच्यात एकेक भिंग सरकवत विचारतात, "आता बरं, की मघाशी बरं होतं?" तीच मी. ट्रायल फ्रेम म्हणतात मला. मला घालून आरशात बघता आणि घुबडासारखं दिसतंय म्हणून हसता. खुशाल हसा. मीही तुमची नाकं फार जवळून पाहिली आहेत.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका छोट्या कारखान्यातला. वैजयंती दामल्यांनी लंडनमधल्या स्टॅनमोरला डोळे तपासायचं दुकान थाटलं तेव्हा मला विकत घेतलं. पहिली पंधरा वर्षं मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग आपली आपण खटाखट भिंगं बदलणारं मोठं यंत्र आलं आणि माझी रवानगी खणात झाली. लहान मुलं किंवा मान आखडलेले आजीआजोबा आले, की तेवढ्यापुरती माझी आठवण व्हायची. त्याचा मला राग होता. थोडा अजूनही आहे.

अशीच एकदा सात वर्षांची ईशिता आली. वर्गातला फळा दिसत नाही, अशी तक्रार. मी तिच्या इवल्याशा नाकावरून घसरत होते, वैजयंती मला एका हाताने धरून होत्या. तिसरं भिंग बसलं आणि ती खुर्चीवरून वळून आईकडे बघतच राहिली. "आई, तुझी टिकली मून आहे?" इतकी वर्षं ती चंद्रकोरीची टिकली तिला नुसता गोल ठिपका वाटत होती. नीना, तिची आई, हसली आणि मग रुमाल शोधायला लागली.

त्या दिवसापासून ईशिताच्या डोक्यात एकच होतं. आपणही हेच काम करायचं. शाळेतून कामाचा अनुभव घ्यायला आठवडाभर ती इथेच आली आणि मला पुसता पुसता माझा प्रत्येक स्क्रू शिकली. ए-लेव्हल्सना, म्हणजे इथल्या बारावीला, बायॉलॉजी, केमिस्ट्री, मॅथ्स घेतलं. सगळं रुळावर होतं.

पण आपल्या लोकांचं एक असतं. समोर जाणता माणूस बसलेला असला, तरी सल्ला घ्यायचा तो सातासमुद्रापलीकडच्या नातेवाइकाचा. नीनाचा भाऊ उदय न्यू जर्सीला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर ठासून सांगितलं, "आधी चार वर्षं बायॉलॉजी मेजर, मग ऑप्टोमेट्री स्कूल. सगळे असंच करतात." त्याच्या देशात तसंच आहे, तो खोटं बोलला नव्हता. ईशिताच्या बाबांनी, चंद्रशेखरांनी, ते ब्रह्मवाक्य मानलं आणि इथे कॉलेजच्या एकाच फॉर्मवर पसंतीच्या पाच जागा भरता येतात, त्या पाचच्या पाच जागी बायॉलॉजी भरलं. ईशिता काही बोलली नाही. मामांना काय कळतं, असं आपल्या घरात म्हणतात का?

डिसेंबरातल्या एका शनिवारी ती तपासणीला आली, हट्टाने मलाच नाकावर चढवून बसली, तेव्हा वैजयंतींनी फॉर्मचं सहज विचारलं आणि उत्तर ऐकून त्यांचा हात भिंगासकट हवेतच थांबला.

"बायॉलॉजी? पाचही ठिकाणी? अगं, इथे ऑप्टोमेट्रीची डिग्री थेट करतात, ए-लेव्हल्स झाल्या झाल्या. आधी बायॉलॉजी करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार आहेस का?"

"बाबा म्हणतात की मामाला माहितीये, वैजयंतीमावशी."

"आणि तुला काय माहितीये?"

ईशिताचे डोळे भरून आले. माझ्यामागे होते ते, मला कळलं. "मला वाटलेलं मी चेक करायला पाहिजे होती. पण बाबाने एवढा मोठा स्प्रेडशीट बनवला होता."

एकदा भरलेल्या जागा चौदा दिवसांत बदलता येतात. त्यातले अकरा गेले होते. शिवाय मुलीने परस्पर काही बदललं असतं, तर घरात महाभारत झालं असतं. वैजयंतींनी फोन उचलला. "चंद्रशेखर, तुमचेही डोळे तपासायचे राहिलेत. सोमवारी या. ईशितालाही आणा."

सोमवारी ते आले. यंत्र बाजूला ठेवून वैजयंतींनी मुद्दाम मला काढलं. आता ऐका, आपली माणसं डोळे तपासायला येत नाहीत, परीक्षेला येतात. उजव्या डोळ्याने ओळ वाचून घेतात आणि डाव्याची पाळी आली, की तीच पाठ म्हणून दाखवतात. नापास व्हायची भीती, दुसरं काय. चंद्रशेखरांनी तेच केलं. तेवढ्यात वैजयंतींनी बटण दाबून पडद्यावरची अक्षरं बदलली. चंद्रशेखर जुनीच ओळ घडाघडा म्हणत राहिले, वर "पर्फेक्ट ना?" असंही विचारलं.

"बाबा," ईशिता हळूच म्हणाली, "तो लाईन गेला. आता दुसरा आहे."

वैजयंती शांतपणे म्हणाल्या, "तुमचा डावा डोळा कमकुवत आहे, भिंगाने सुधारेल. पण मुलीचा फॉर्मही तुम्ही असाच भरलात. न्यू जर्सीचा पाठ म्हणून दाखवलात, समोर काय आहे ते वाचलंच नाहीत."

चंद्रशेखर खजील झाले. मला नाकावर तसंच ठेवून लेकीकडे वळले. "तुला हे आधीपासून करायचं होतं? थेट?"

"हो बाबा. मला प्लांट्स नाही करायचे. मला लोकांचे डोळे बघायचे आहेत." सतरा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यापुढे इतकं स्पष्ट बोलली असेल. मला तिचा अभिमान वाटला, अगदी पितळेच्या बिजागऱ्यांपर्यंत.

त्याच संध्याकाळी पाचही जागा बदलल्या. हा विषय का शिकायचाय, या फॉर्मवरच्या प्रश्नाला तिने आधीच सगळं डोळ्यांबद्दल लिहिलं होतं, त्यामुळे उत्तर शोभून दिसलं. तीन ठिकाणांहून, ठरलेले मार्क मिळाले तर जागा तुझी, असं बोलावणं आलं. ऑगस्टमध्ये निकाल लागला, दोन ए आणि एक बी, त्यातली कार्डिफची जागा पक्की. वैजयंतींनी मला पेटीसकट तिच्या हातात ठेवलं. "यंत्र बिघडतं, ही बिघडत नाही," म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

आता मी कार्डिफला असते, ईशिताची पुस्तकी दोन वर्षं संपली आहेत. आज सकाळी कॉलेजच्या क्लिनिकमध्ये ईशिताचा पहिला पेशंट होता, व्हीलचेअरवरचे एक वयस्कर गृहस्थ. त्यांची मान यंत्रापर्यंत पोचेना. शिकवणारे सर मागे उभे राहून नुसते बघत होते. ईशिताने मला उचललं. त्या गृहस्थांच्या कानांवर मला टेकवलं आणि भिंगं एकामागून एक बरोबर बसत गेली. शेवटच्या भिंगाला ते गृहस्थ सगळ्यात खालची ओळ वाचून गेले. सरांनी कागदावर सही केली.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्यातून जे दिसतं तेच सांगा, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही.

पेशंट गेल्यावर ईशिताने घरी फोन लावला. मी टेबलावर होते, सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, मी आज नंबर काढला."

"सरांनी सांगितला ना?"

"नाही. मी काढला."

चंद्रशेखर पलीकडून म्हणाले, "थांब, उदयला फोन करतो. विचारायला नाही, सांगायला."